पहिल्याच वर्षी घरून इंटर्नशिप : माझं वर्ष कसं गेलं, तुमचे अनुभवही सांगा

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा परवा संपली. बारावीनंतरच्या सुट्टीपासून इथले धागे वाचत आले, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. माझ्या वर्गातल्या सात-आठ जणींनी मला गेल्या महिन्याभरात एकच प्रश्न विचारला, "तुला ते घरून काम कसं मिळालं गं?" प्रत्येकीला फोनवर सांगताना काहीतरी राहून जायचं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आमचं गाव कराडपासून चौदा किलोमीटरवर. सकाळी सव्वासहाची एसटी, साडेअकराला कॉलेज सुटतं, एकपर्यंत घरी. दुपार मोकळी. मामांचं कराडात हार्डवेअरचं दुकान आहे. बारावीच्या सुट्टीत त्यांची वर्षभराची खरेदीची बिलं मी एक्सेलमध्ये भरून दिली होती. माल विकणाऱ्याचं नाव, जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, करपात्र रक्कम, कर, असे साधे रकाने. त्या शीटमधली नावं आणि नंबर बदलून मी एक नमुना केला आणि पुण्या-कोल्हापुरातल्या सीए फर्मना मेल पाठवले. मेल सहा ओळींचा. मी कोण, काय येतं, काय येत नाही, दिवसाला किती वेळ देऊ शकते, सोबत नमुना. सव्वीस मेल गेले, तीन उत्तरं आली. एकांनी नम्रपणे नाही कळवलं, एकांनी "सेकंड इयर झाल्यावर बघू" म्हटलं, आणि पुण्यातल्या एका छोट्या फर्मच्या सरांनी थेट फोन केला. पहिला प्रश्न होता, "ही शीट तू स्वतः केलीस का? मग दुसऱ्या रकान्यात दोन ठिकाणी चौदाच अक्षरं कशी?"

जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. मी दोन नंबर चुकीचे उतरवले होते आणि ते मला पाठवण्याआधी दिसले नव्हते. मला वाटलं संपलं. सर म्हणाले, "सोमवारपासून सुरू कर. दोन नंबर चुकलेत म्हणजे बाकीचे तू हातानं भरलेत हे मला कळलं."

काम काय होतं ते नीट सांगते, कारण 'अकाउंट्सची इंटर्नशिप' म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. महिन्याच्या महिन्याला विवरण भरणारा व्यापारी आपल्या विक्रीचा तपशील पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ या विवरणपत्रात भरतो. आपल्याला माल विकणाऱ्यांनी जे जे भरलंय ते एकत्र होऊन १४ तारखेला जीएसटीआर-२बी या तक्त्यात दिसतं. मग २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी भरून कर भरायचा. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळायची तर ते बिल २बी मध्ये दिसावं लागतं. माझं काम १४ ते १८ या दिवसांतलं. एका बाजूला दुकानदाराचं खरेदी रजिस्टर, दुसऱ्या बाजूला २बी, दोन्हींची जुळवणी करायची आणि जी बिलं जुळत नाहीत ती का जुळत नाहीत ते लिहायचं. बाकीच्या दिवसांत टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी आणि बँकेची जुळवणी.

पहिली शीट मी मोठ्या आत्मविश्वासानं पाठवली. ती परत आली तेव्हा एक्केचाळीस पिवळे चौकोन होते आणि प्रत्येकावर सरांची टीप. "हा सप्लायर निपाणीचा आहे, नंबर २९ ने सुरू होतोय, म्हणजे कर्नाटक. मग इथे सीजीएसटी-एसजीएसटी कसा? आयजीएसटी हवा." (राज्यातल्या राज्यात विक्री असली की सीजीएसटी-एसजीएसटी, राज्याबाहेरची असली की आयजीएसटी.) अशा टिपा. त्या रात्री मी रडले, खरंच. पण दुसऱ्या दिवशी एकेक टीप वहीत उतरवली. ती वही आज माझ्याकडे आहे आणि पहिल्या वर्षाच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा मी ती जास्त वेळा उघडलीय.

एक मोठी चूक सांगायलाच हवी. ऑक्टोबरात मी एका सप्लायरचं बिल '२बी मध्ये नाही' असं लिहिलं. त्यावरून आमच्या क्लायंटनं त्या माणसाचे पैसे थांबवले. प्रत्यक्षात बिल होतं. दुकानदाराच्या रजिस्टरला '४५' आणि पोर्टलवर वर्षासकट शून्य लावून लिहिलेलं. मी फक्त बिल नंबरावर व्हीलुकअप (एका यादीतलं दुसऱ्या यादीत शोधणारं एक्सेलचं सूत्र) लावला होता. एका छोट्या व्यापाऱ्याचे पैसे दिवाळीच्या तोंडावर माझ्यामुळे नऊ दिवस अडकले. सरांनी स्वतः त्यांना फोन करून माफी मागितली, माझं नाव घेतलं नाही. नंतर मला स्क्रीन दाखवून शिकवलं की बिल नंबरावर कधी विसंबायचं नाही. जीएसटी नंबर, करपात्र रक्कम आणि महिना हे तीन एकत्र धरून आधी जुळवायचं, मग उरलेल्यांचे नंबर डोळ्यांनी बघायचे. घरात एकटी बसून एक्सेल भरताना त्या आकड्यामागे कुणाचे तरी पैसे आहेत हे दिसत नाही. तेव्हापासून 'नाही' लिहिण्याआधी मी दोनदा बघते.

मला सगळ्यात मनापासून सांगायचंय ते हे, की घरून इंटर्नशिप शोधताना कंपनी मोठी का, प्रमाणपत्र मिळेल का, हे विचारायच्या आधी विचारा : माझं काम कोण वाचणार? ऑफिसात बसलं तर शेजारच्याचं बघून, जाता-येता ऐकून माणूस थोडंफार शिकतो. घरी ते काही नाही. पाठवलेलं काम उघडून, वाचून, परत पाठवणारं माणूस असेल तरच काही शिकता येतं. मला ते भेटलं हे माझं नशीब.

पैशांचं : पहिले तीन महिने अडीच हजार, नंतर चार हजार. लॅपटॉप जुना घेतलेला, चौदा हजारांचा. कामाची फाइल माझ्या लॅपटॉपवर किंवा माझ्या ड्राइव्हवर ठेवायची नाही, असा सरांचा कडक नियम. लोकांचे हिशेब आहेत ते. ऑफिसच्या संगणकावर रिमोटनं जाऊन तिथेच काम करायचं. त्यामुळे रेंज गेली की काम थांबतं. वीज गेली की मी गच्चीवर मोबाइलचं नेट घेऊन बसते.

आणि पहिल्या सेमिस्टरला मला अर्थशास्त्रात कमी मार्क पडले. नोव्हेंबरची परीक्षा आणि २० तारीख एकावर एक आली, आणि मी सरांना आधी सांगितलंच नव्हतं. सांगायची भीती वाटली. दुसऱ्या सेमिस्टरला महिनाभर आधी वेळापत्रक पाठवलं, तेव्हा त्यांनी परीक्षेच्या आठ दिवस आधीपासून मला काम दिलं नाही. आता आठवड्याला बारा तास ठरलेत.

तुमच्यापैकी कुणी केलंय का असं काम? कुणी इंटर्न घेतलेत का? आणि ज्यांना वाटतं की पहिल्या वर्षी हे करूच नये, त्यांचंही ऐकायचंय.

---

गोदातीर

किती स्वच्छ लिहिलंयस गं. माझी लेक नाशिकला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर. परवा तिला एका महिन्याच्या 'वेब डेव्हलपमेंट इंटर्नशिप'चं ऑफर लेटर आलं. फॉर्म भरल्यापासून दोन तासांत. मुलाखत नाही, फोन नाही. ऑफर लेटर लिंक्डइनवर टाकून कंपनीला टॅग करायचं, मग तीन कामं मिळणार, ती करून व्हिडिओ टाकायचा, शेवटी प्रमाणपत्र. प्रमाणपत्रासाठी ४९९ रुपये. ती इतकी आनंदात आहे की मला काही बोलवत नाही. तिच्या मैत्रिणींनीही हेच केलंय. पाचशे रुपयांचा प्रश्न नाही, पण मनाला पटत नाहीये. काय करू?

---

दुपारचा चहा

गोदातीर ताई, मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि गेली काही वर्षं आमच्याकडच्या इंटर्न मुलांचं काम मीच बघतो. त्यामुळे स्पष्ट सांगतो, ती इंटर्नशिप नाही. ते प्रमाणपत्र विकणं आहे. तीन कामं कोणती ती न बघताही सांगतो : कॅल्क्युलेटर, कामांची यादी करणारं पान आणि स्वतःची माहिती देणारी वेबसाइट. हजारो मुलं तीच तीन कामं करतात, कुणी ती उघडून बघत नाही. धागाकर्तीचा प्रश्न विचारायला सांगा लेकीला. "माझा कोड कोण वाचणार?" उत्तर येणार नाही.

आमच्याकडे अर्ज येतात त्यांत अशी चार-चार प्रमाणपत्रं असतात. मी त्यांकडे बघत नाही. मी बघतो ते गिटहबवरचं (कोड ठेवायची वेबसाइट) एखादं छोटं पण पुरं केलेलं काम आणि त्याचा इतिहास. एका दिवसात सगळा कोड एकदम चढवलेला असेल तर कळतं. तीन आठवडे थोडं थोडं, मध्ये चुकून, दुरुस्त करून, असं असेल तर मी त्या मुलाला फोन करतो. आणि फोनवर एकच करतो, त्याच्याच कोडमधली एक ओळ दाखवून विचारतो, ही इथे का आहे? हल्ली एआयकडून लिहून घेतलेलं खूप येतं. वापरायला माझी हरकत नाही, आम्हीही वापरतो. पण स्वतःच्या नावानं दिलेली ओळ समजावून सांगता यायलाच हवी. गेल्या वर्षी एका मुलानं प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, ही ओळ मला कळली नव्हती, पण काढली की प्रोग्रॅम बंद पडत होता." मी त्याला घेतलं. आम्ही दोघांनी मिळून ती ओळ अर्धा तास समजून घेतली.

पहिल्या वर्षाच्या मुलाला काय येतं असं लोक विचारतात. पायथॉन थोडं येत असतं. तेवढ्यावर तो चाचण्या लिहू शकतो, कुणी कळवलेली अडचण आपल्याकडे पुन्हा घडवून बघू शकतो, सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते सांगणारी चुकीची झालेली पानं सुधारू शकतो. हे काम कमी दर्जाचं नाही. दुसऱ्यानं लिहिलेला कोड वाचायची सवय याच्यातनंच लागते, आणि कॉलेज ती सवय लावत नाही.

जिथे काम खरंच वाचलं जातं अशा जागाही सांगतो. आयआयटी मुंबईचा 'फॉसी' प्रकल्प आहे. सायलॅब, ईसिम, पायथॉन अशा मुक्त सॉफ्टवेअरवर काम चालतं. त्यांच्या फेलोशिपला निवड व्हायची तर आधी एक काम करून दाखवावं लागतं, नुसत्या मार्कांवर नाही. त्यांचाच एक उपक्रम आहे, अभ्यासक्रमातल्या पुस्तकांमधल्या सोडवलेल्या उदाहरणांचा कोड लिहायचा. तपासणीत पास झालं की मानधन मिळतं. आयआयटी मुंबईचेच 'स्पोकन ट्युटोरियल' धडे मराठीतूनही आहेत : लिनक्स, सी, पायथॉन, लिबरऑफिस. इंग्रजी ऐकताना धाप लागणाऱ्या मुलांना मी तिथूनच सुरू करायला सांगतो.

'गुगल समर ऑफ कोड' २००५ पासून चालू आहे आणि सगळं घरूनच असतं. वय अठरा पूर्ण लागतं. प्रकल्प साधारण ९०, १७५ किंवा ३५० तासांचे. पैसेही चांगले मिळतात. पण ज्या संस्थेत काम करायचं तिच्या लोकांशी अर्ज करायच्या कितीतरी आधीपासून बोलत राहावं लागतं. पहिल्या वर्षी अर्ज मंजूर होईलच असं नाही, पण त्या निमित्तानं मुलगी सहा महिने खऱ्या कोडवर, खऱ्या माणसांसोबत वावरेल. तुमच्या लेकीला पाचशे रुपये खर्चू नको म्हणण्यापेक्षा हे दाखवा.

---

लाल एसटी

लातूर. बी.ए. पहिलं वर्ष. मला हे लिहायला जड जातंय पण लिहितो.

मी तीन महिने मराठी ऑडिओ ऐकून टाइप करायचं काम केलं. जाहिरातीत 'स्टायपेंड कामगिरीनुसार' असं होतं. रोज तासाभराचं रेकॉर्डिंग यायचं. ज्यांनी असं काम केलंय त्यांना माहीत असेल, एका तासाच्या आवाजाला पाच-सहा तास लागतात, आणि त्यात आमच्याकडची बोली असेल, दोघं एकदम बोलत असतील तर आणखी जास्त. मी लेक्चर बुडवून केलं. पहिल्या महिन्याला म्हणाले अचूकता कमी आहे. कुठे चुकलं ते दाखवा म्हटलं, तर उत्तर नाही. दुसऱ्या महिन्याला तेच. तिसऱ्या महिन्याला ग्रुपमधून काढून टाकलं.

एक रुपया मिळाला नाही. त्याहून मला लागलं ते हे, की मी टाइप केलेलं एकही पान कुणी वाचून 'हे चुकलंय' असं सांगितलं नाही. माझी आजी ज्या मराठीत बोलते ते शब्द मी जीव लावून लिहिले होते. 'कोण वाचणार' हा प्रश्न मला तेव्हा कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं.

---

उंबरठा

लाल एसटी, तुझे संदेश, रेकॉर्डिंगच्या फाइली, जाहिरातीचा फोटो, सगळं जपून ठेव. काही पुसू नकोस. मला इथे निरोप पाठव, मी बघते काय करता येतं. फी-बी काही नाही.

मी वकील आहे, छत्रपती संभाजीनगरला. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट पालकांना बहुतेक माहीत नसते. यातली बरीच मुलं सतरा वर्षांची असतात. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याच्या कलम ११ प्रमाणे करार करायला माणूस सज्ञान हवा. आणि अज्ञानाचा, म्हणजे अठरा वर्षांखालच्याचा, करार मुळातच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलनं १९०३ साली मोहोरी बिबीच्या खटल्यात ठरवून दिलंय. म्हणजे सतराव्या वर्षी मुलानं 'मध्येच सोडलं तर वीस हजार भरीन' असं लिहून दिलं असलं, तरी त्या कागदाला घाबरून पैसे भरायचं कारण नाही. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी : काम सोडल्यावर दुसरीकडे तसलं काम करायचंच नाही अशी अट असली, तर कलम २७ वाचा, अशा अटी त्याप्रमाणे शून्य ठरतात.

हे मुद्दाम लिहितेय, कारण माझ्याकडे वर्षातून चार-पाच तरी पालक घाबरून येतात. पद्धत ठरलेली असते. घरून डेटा एंट्रीचं काम, अमुक पानं अमुक दिवसांत, अचूकता नव्वद टक्क्यांच्या वर. मग 'तुम्ही नापास झालात' म्हणून वकिलाच्या नावाची नोटीस मोबाइलवर येते, इतके हजार भरा नाहीतर कोर्टात खेचू. मुलं घरी सांगत नाहीत, मित्रांकडून उसने घेऊन भरतात. अशी नोटीस आली तर पहिल्यांदा आई-वडिलांना सांगा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त. पैसे गेले नसले तरी सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा.

आणि मूळ गुणपत्रिका कुणालाही देऊ नका. कुणालाही.

चांगल्या ठिकाणी काम मिळालं तरी चार ओळींचा मेल मागून घ्यावा : काम काय, आठवड्याला तास किती, पैसे किती आणि कधी, कुणाच्या हाताखाली. कृष्णाकाठ, तुझ्याकडे आहे का असं काही?

---

कृष्णाकाठ

उंबरठा ताई, हो. सरांनी पहिल्याच आठवड्यात मेल केला होता, त्यात "लोकांच्या हिशेबाबद्दल घरीसुद्धा बोलायचं नाही" हेही होतं. मामांनी एकदा सहज विचारलं होतं की कुणाकुणाची कामं बघतेस. मी सांगितलं नाही. त्यांना जरा राग आला होता, नंतर पटलं.

लाल एसटी दादा, वाचून फार वाईट वाटलं. उंबरठा ताईंना नक्की लिही.

---

खडूफळा

सोलापूरला वाणिज्य महाविद्यालयात शिकवतो. मुलांनी आधी आमच्यापैकी कुणाशी तरी बोलावं, असं मला फार वाटतं. दर वर्षी मार्चमध्ये हजेरीची यादी लागली की दोन-तीन मुलं येतात, "सर, ऑनलाइन काम करत होतो." तेव्हा माझ्या हातात काही नसतं. सप्टेंबरात सांगितलं असतं तर काहीतरी रस्ता काढला असता.

श्रेयांकांबद्दल (क्रेडिट्सबद्दल) मुलांचा खूप गोंधळ असतो. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्याकडे तीन वर्षांच्या पदवीत 'ओजेटी', म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, येतं ते शेवटच्या वर्षात. पहिल्या वर्षी आपण होऊन केलेल्या कामाचे श्रेयांक आपोआप जमा होत नाहीत. पहिल्या वर्षानंतर कुणाला प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचं असेल तर त्याला जादा चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. शिकत राहणाऱ्यांना त्याची गरज नाही. तेव्हा 'श्रेयांक मिळतील' असं एखादी संस्था परस्पर सांगत असेल तर आधी कॉलेजात विचारा.

सरकारी योजनांबद्दलही रोज कुणीतरी विचारतं. पंतप्रधान इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली ती २१ ते २४ वयाच्या, पूर्णवेळ शिक्षणात नसलेल्या मुलांसाठी. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही. पहिल्या वर्षाच्या नियमित विद्यार्थ्यानं यांच्या मागे वेळ घालवू नये.

कृष्णाकाठ, तू २बी ची जुळवणी ज्या पद्धतीनं मांडलीस तशी मी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मांडून बघणार आहे. आमच्या पुस्तकात नियम आहे, निपाणीचा सप्लायर नाही.

---

रानवारा

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

मी पंचावन्न वर्षांचा आहे. शेतकी कॉलेजला होतो. पहिल्या वर्षी मी एनएसएसच्या शिबिरात जव्हारकडे दहा दिवस बंधारा बांधला, आणि वसतिगृहातल्या मित्रांबरोबर रात्र-रात्र नाटकाच्या तालमी केल्या. त्या मित्रांपैकी दोघं गेल्या वर्षी माझ्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात झोपायला होते. अठराव्या वर्षी दुपार मोकळी असणं हे काही रिकामपण नाही. त्या वयात माणसं जोडली जातात ती पुढे जोडली जात नाहीत. घरात दार लावून स्क्रीनसमोर बसलेल्या पोरांची मला काळजी वाटते. काम पुढे चाळीस वर्षं करायचंच आहे.

कृष्णाकाठ, तू गुणी मुलगी दिसतेस. तुला मैत्रिणी झाल्या का गं या वर्षात?

---

कृष्णाकाठ

रानवारा काका, राग कसला. हा प्रश्न मला आईनंही विचारला होता, म्हणून उशिरा उत्तर देतेय. विचार करावा लागला.

खरं सांगायचं तर पहिल्या सेमिस्टरला नाही झाल्या. लेक्चर संपलं की मी एसटीकडे पळायची. गॅदरिंगला गेले नाही, कारण १७ तारीख होती. त्याचं मला अजून वाईट वाटतं. दुसऱ्या सेमिस्टरला बारा तास ठरले त्यात शुक्रवारची दुपार मी मागून घेतली. शुक्रवारी आम्ही चौघी प्रीतिसंगमावर जाऊन बसतो, पाचची एसटी घेतो. त्यांतलीच एक आता माझ्याकडून एक्सेल शिकतेय आणि मी तिच्याकडून सायकलवर नीट बसायला.

तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं असं नाही काका. आमच्याकडे वसतिगृह नाही, तालमी नाहीत. गावात परतल्यावर दुपारी मुलगी म्हणून मी कुठे जाणार होते? या कामामुळे मला घराबाहेरचं एक माणूस भेटलं, जे माझ्याशी 'हे तुला जमेल' असं धरून बोलतं. पण शुक्रवार ठेवायला हवा होता तो सुरुवातीपासून, एवढं मात्र नक्की.

---

रानवारा

शुक्रवार सोडू नकोस. बाकी तुझं खरं आहे, मी मुलगा होतो आणि वसतिगृहात होतो.

---

दूरदेशी

न्यू जर्सीतून. इथे पहिल्या वर्षाला येणाऱ्या आपल्या मुलांसाठी एक सूचना, कारण चूक महागात पडते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पहिलं शैक्षणिक वर्ष पूर्ण होईपर्यंत कॅम्पसबाहेर काम करता येत नाही, सीपीटीलासुद्धा (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करायच्या कामाची परवानगी) साधारणपणे ते वर्ष व्हावं लागतं. 'घरून तर करतोय' किंवा 'पैसे घेत नाही' म्हणून ते आपोआप चालतं असं समजू नका. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारल्याशिवाय काहीही स्वीकारू नका.

भारतातून इथल्या कंपनीचं काम करणाऱ्यांसाठी : उन्हाळ्यात पूर्व किनाऱ्याशी साडेनऊ तासांचा फरक, हिवाळ्यात साडेदहा. इथली सकाळी दहाची मीटिंग म्हणजे तुमचे रात्रीचे साडेसात किंवा साडेआठ, ते ठीक. पश्चिम किनारा असेल तर त्यात आणखी तीन तास मिळवा. माझा भाचा सांगलीहून असं काम करायचा, रात्री एकला झोपून सकाळी सातच्या प्रॅक्टिकलला. दोन महिन्यांत आजारी पडला. अर्ज करण्याआधी मीटिंगची वेळ विचारा.

---

गोदातीर

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

मी लेकीला काही बोलले नाही, फक्त हा धागा वाचायला दिला. तिनं लाल एसटीचा प्रतिसाद दोनदा वाचला. मग स्वतःच त्या कंपनीला मेल केला, "माझी तीन कामं कोण तपासणार आणि मला सुधारणा कळवणार का?" उत्तर आलं ते फी भरायच्या लिंकचंच. तिनं ऑफर लेटर लिंक्डइनवरून काढून टाकलं. मैत्रिणींना काय सांगायचं म्हणून थोडी हिरमुसली होती.

रविवारी तिनं स्पोकन ट्युटोरियलचे पायथॉनचे मराठी धडे लावले. मी स्वयंपाक करता करता ऐकत होते. दुपारचा चहा, तिनं विचारलंय की पुस्तकातल्या उदाहरणांचं ते काम पहिल्या वर्षाच्या गणिताच्या पुस्तकासाठी चालेल का.

---

दुपारचा चहा

पुस्तक आधी सुचवावं लागतं आणि त्यांनी ते मान्य करावं लागतं. आधीच कुणी केलेलं नाही ना, ते त्यांच्या यादीत बघायला सांगा. आणि सुरुवातीला एकच प्रकरण पूर्ण करू दे. अडली तर मला इथेच विचारायला सांगा, मी वाचेन.

---

लाल एसटी

उंबरठा ताईंनी त्या लोकांना मेल केला. अजून उत्तर नाही, पण ताईंनी माझी टाइप केलेली चार पानं मागून घेतली होती, काय काम होतं ते समजायला. काल फोन करून म्हणाल्या, दुसऱ्या पानावर 'वैरण' नंतरची ओळ सुटलीय, बाकी स्वच्छ आहे. मी रेकॉर्डिंग लावून बघितलं. खरंच सुटली होती.

---

एक वाचक

कृष्णाकाठ, उद्धटपणा वाटला तर माफ कर, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. तुझ्या सरांकडे आणखी कुणाला घेणार आहेत का? मी पलूसला बी.कॉम. पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलाय.

---

कृष्णाकाठ

उद्धटपणा कसला त्यात. मी काल सरांना विचारलं. ३० सप्टेंबरपर्यंत टॅक्स ऑडिटची धावपळ आहे, तेव्हा नव्या माणसाला शिकवायला वेळ देता येणार नाही, म्हणून आत्ता घेणार नाहीत. ऑक्टोबरमध्ये एक जण घेणार आहेत. तोपर्यंत घरातल्या किंवा ओळखीच्या दुकानाची एका महिन्याची खरेदीची बिलं, त्यांची परवानगी घेऊन, एक्सेलमध्ये भर. नावं आणि नंबर बदल, पण बदललेला नंबरही पंधरा अक्षरांचाच ठेव. मला निरोपात पाठव. सरांकडे जायच्या आधी मी एकदा बघते, पिवळे चौकोन मीही करीन.